आठ ते नऊ

आठ ते नऊ घरात फक्त इंग्रजी.
हा नियम ऋतिकाचा. सातवी ब, वय बारा.
मराठी शब्द निघाला की एक रुपया दंड
बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात.
पहिल्या आठवड्यात एकवीस जमले.
त्यातले सतरा माझे,
दोन तिचे, ओट्याखालून झुरळ निघालं त्या रात्रीचे,
आणि दोन ह्यांचे.
ह्यांचे कमीच, कारण हे बोलतच नाहीत.

मसाल्याच्या डब्यांवर तिने चिठ्ठ्या डकवल्यात:
टर्मरिक. क्युमिन. मस्टर्ड.
हिंगाच्या डबीवरचं नाव तिलाही म्हणता येत नाही,
म्हणून हिंग आमच्यात अजून हिंगच.
दंड माफ.

सोमवारी साडेदहाला मुलुंडला माझी मुलाखत आहे,
दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला.
‘द डॉक्टर इज विथ अ पेशंट, प्लीज होल्ड.’
कणीक मळता मळता मी हेच घोकते,
आणि दर वेळी चुकीच्या जागी ‘द’ पडतो, खड्यासारखा.
ऋतिका सांगते, मम्मी, पहिल्यांदा भेटला तर ‘अ’,
ओळख झाली की ‘द’.
म्हणजे बघायला आले तेव्हा तुझे पप्पा ‘अ’,
आता ‘द’.
ती खिदळली.
हे टीव्हीकडे बघत राहिले, आवाज बंद करून.

भूक लागली तर म्हणायचं, आय ॲम हंग्री.
अगं पण भूक लागते, मी म्हटलं,
जेवलं की जाते.
राग येतो, दारातल्या वसुलीवाल्यासारखा,
थोडा वेळ बसतो, पाणीही न पिता उठतो.
तुमच्या इंग्रजीत मात्र आय ॲम अँग्री,
म्हणजे अख्खी मीच राग.
मग तो जायचा कसा, मला घेऊन?
‘मम्मी, एवढ्याचे बावीस रुपये झाले.’
उधारीवर लिहून ठेव म्हटलं. तेही मराठीत.

बुधवारी बशी फुटली.
‘द प्लेट ब्रोक,’ मी म्हणाले, शहाण्यासारखी.
बरोबर आहे, पण पुढे कोणीतरी विचारणारच, ती म्हणाली,
‘हू ब्रोक इट?’
माझ्या हातून फुटली, एवढंच होतं माझ्याकडे.
हातून. मी फोडली असं कुठे म्हणतेय?

गुरुवारी ती डॉक्टर झाली.
ह्यांचा चष्मा नाकावर, समोर वही, वहीवर पेन टकटक.
‘अँड व्हॉट डज युअर हजबंड डू?’
विचारून गेली, आणि तिचं पेन थांबलं.

ह्यांची नोकरी गेली फेब्रुवारीत,
प्रभादेवीचा छापखाना बंद झाला तेव्हा.
शाईला इंक म्हणतात हे मला माहीत होतं.
यंत्राला मशीन. कागदाला पेपर.
गेली याला काय म्हणतात?
तिने हळूच पुरवलं, कॉपी पुरवावी तसं:
‘ही लॉस्ट हिज जॉब.’

‘मी नाही हरवली.’
हे टीव्हीकडेच बघत बोलले.
‘छत्री हरवते. पाकीट हरवतं.
मी होतो तिथेच, मशीनपाशी, एकोणीस वर्षं.
ती गेली.’

कोणी रुपया मागितला नाही.
घड्याळात आठ चाळीस.
ऋतिकाने व्याकरणाचं पुस्तक उघडलं,
पुढे चाळलं, मागे चाळलं, मिटलं.
मग म्हणाली, एकेक शब्द खाली ठेवत,
‘द जॉब वेंट. ही इज हिअर.’

बाईंनी लाल गोल केला असता.
हे उठले. खुंटीवरच्या शर्टाचा खिसा चाचपला,
दहाचं नाणं काढून डब्यात टाकलं.
‘कीप द चेंज,’ म्हणाले.

‘द’ बरोबर जागी पडला होता.
मी परातीकडे वळले.
सोमवारी तो प्रश्न आला तर काय सांगायचं,
ते अजून कुठल्याच भाषेत ठरलेलं नाही.